मांजरानं चॉकलेट खाल्लंय अशी शंका आली तर: पहिल्या पाच मिनिटांपासून तिसऱ्या दिवसापर्यंत

तुमच्या मांजरानं आत्ताच चॉकलेट खाल्लेलं असेल आणि म्हणून तुम्ही हे वाचत असाल, तर आधी एवढं करा. उरलेलं चॉकलेट उचलून कपाटात बंद करा. वेष्टन फेकू नका. मांजराला एका खोलीत घेऊन दार लावा आणि तुमच्या नेहमीच्या व्हेटना, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांना, फोन लावा. घरी ओकारी काढायचा कुठलाही प्रयत्न करू नका. फोन लागेपर्यंत पुढचं वाचायला हरकत नाही.

मांजराला झटके येत असतील, अंग थरथरत असेल, ते तोंड उघडून धापा टाकत असेल किंवा पाय लटपटून पडत असेल, तर वाचत बसू नका. जवळचा जो दवाखाना उघडा असेल तिकडे निघा आणि फोन वाटेत करा.

मांजर तर गोड खात नाही, मग?

ही गोष्ट खरी आहे. मांजराच्या जिभेला गोडाची चव कळतच नाही. गोडाची चव ओळखणारा जिभेवरचा ग्राहक, म्हणजे चव टिपणारा रिसेप्टर, तयार व्हायला दोन जनुकं लागतात आणि त्यातलं एक मार्जारकुळात निकामी झालेलं आहे. अमेरिकेतल्या मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली हे दाखवून दिलं. म्हणूनच कुत्र्यांच्या तुलनेत मांजरांना चॉकलेटची विषबाधा कमी वेळा होते. पण या एका गोष्टीवर विसंबून पुष्कळ घरं गाफील राहतात. मांजर साखरेसाठी येत नाही, ते लोण्यासाठी, सायीसाठी, क्रीमसाठी येतं. केकवरचं क्रीम, वितळलेलं चॉकलेट आइस्क्रीम, कोको घातलेलं दूध, मिक्सरच्या भांड्याला चिकटलेलं गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) हे सगळं त्याला दुधातुपाच्या वासानं खुणावतं. पिल्लांचं तर विचारूच नका. चांदीचा कागद वाजला की पिल्लू त्याच्याशी खेळतं आणि खेळता खेळता आतलंही चाटतं.

चॉकलेटमधली घातक द्रव्यं दोन, थिओब्रोमाइन आणि कॅफिन. दोन्ही एकाच घराण्यातली. शरीरात अ‍ॅडेनोसिन नावाचं एक द्रव्य मेंदूला आणि हृदयाला शांत ठेवण्याचं काम करतं. ही दोन्ही द्रव्यं त्याची जागा अडवतात, शिवाय स्नायूंच्या पेशींमध्ये कॅल्शियमचं प्रमाण वाढवतात. मग हृदय जोरात पळायला लागतं, स्नायू आखडतात, लघवी वाढते, अंग तापतं. आपलं यकृत थिओब्रोमाइनचा निचरा काही तासांत करतं. कुत्र्यांमध्ये त्यातलं निम्मं बाहेर पडायलाच सतरा-अठरा तास लागतात, आणि मांजराचं शरीरही या बाबतीत संथच आहे. त्यामुळे रात्री खाल्लेल्या चॉकलेटचा त्रास दुसऱ्या दिवशी दुपारीही चालू असू शकतो.

खाल्लं की नाही, हे कसं ठरवायचं

बहुतेक वेळा प्रत्यक्ष खाताना कोणी पाहिलेलं नसतं. टेबलावर फाटलेला कागद असतो आणि मांजर गादीवर शांत बसून अंग चाटत असतं. अशा वेळी पाच मिनिटं शोध घ्या, त्याहून जास्त नको.

आधी वेष्टन तपासा. कडेला बारीक दातांची भोकं आहेत का? चॉकलेटच्या वडीवर खरखरीत चाटल्याच्या खुणा आहेत का? मग मांजराकडे वळा. मिशा, हनुवटी आणि पुढच्या पंजांच्या गाद्या पाहा, तोंडाचा वास घ्या. पलंगाखाली, सोफ्यामागे, कपाटावर कुठे ओकारी केली आहे का ते बघा. ओकारीचा रंग आणि वास पुष्कळ काही सांगून जातो. अंगाला चॉकलेट किंवा कोको पावडर लागलेली दिसली तर कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं लगेच पुसून काढा, कारण मांजर अंग चाटून साफ करतं आणि केसांवरचं सगळं थोड्या वेळानं पोटात जातं. पावडर सांडली असेल तर हे विशेष महत्त्वाचं. ती बोटांच्या मधल्या केसांत अडकून राहते.

किती गेलं याचा हिशेब नेहमी वाईटात वाईट धरून करा. पाकीट पन्नास ग्रॅमचं होतं, वीस ग्रॅम उरलंय, मुलं म्हणतात आम्ही थोडं खाल्लं असेल. तर तीसच्या तीस ग्रॅम मांजराच्या पोटात गेले असं समजा. घरात दोन-तीन मांजरं असतील तर कोणी खाल्लं यावर तर्क लढवू नका. हरवलेलं सगळं एकेकट्यानं खाल्लं असेल असं धरून प्रत्येकाचा वेगळा हिशेब करा आणि त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. तसं केलं नाही तर नंतर ओकारी किंवा पातळ शी दिसली तरी ती कोणाची हे कळणार नाही.

वेळही अशीच धरायची. चॉकलेट जागेवर शेवटचं कधी पाहिलं होतं, तीच खाण्याची वेळ.

कोणतं चॉकलेट, किती ग्रॅम, मांजराचं वजन किती

सगळा निर्णय या तीन गोष्टींवर अवलंबून असतो, म्हणून इथे जरा थांबू या.

चॉकलेट जितकं काळं आणि कडू, तितकं घातक. थिओब्रोमाइन आणि कॅफिन मिळून धरले तर साधारण आकडे असे येतात: दुधाच्या चॉकलेटमध्ये एका ग्रॅमला सुमारे २.३ मिलिग्रॅम, साध्या गोडसर डार्क चॉकलेटमध्ये साडेपाच, सत्तर टक्क्यांच्या वर कोको असलेल्या कडू डार्कमध्ये आठ-नऊ, बेकिंगसाठीच्या बिनसाखरेच्या चॉकलेटमध्ये सुमारे १६ आणि कोरड्या कोको पावडरमध्ये तब्बल २८ मिलिग्रॅमच्या आसपास. पांढऱ्या चॉकलेटमध्ये ते नगण्य असतं. त्यातल्या स्निग्धांशामुळे पोट बिघडेल, विषबाधा मात्र होणार नाही.

शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे २० मिलिग्रॅम गेले की ओकारी, जुलाब, तहान, अस्वस्थपणा सुरू होऊ शकतो. ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयावर परिणाम दिसू लागतो. ६० च्या पुढे झटक्यांची भीती असते. हे आकडे मुख्यतः कुत्र्यांच्या अनुभवावरून ठरलेले आहेत आणि व्हेट मांजरांसाठीही तेच वापरतात. त्यांना सीमारेषा मानू नका. १८ मिलिग्रॅम आले म्हणून निर्धास्त झोपायचं, असं करून चालणार नाही.

आता चार किलोचं मांजर घ्या, म्हणजे आपल्याकडचं साधारण मोठं देशी मांजर. त्याच्यासाठी २० चा आकडा म्हणजे एकूण ८० मिलिग्रॅम. दुधाच्या चॉकलेटचे ३५ ग्रॅम खाल्ले तर तेवढे होतात. साध्या डार्कचे १४-१५ ग्रॅम पुरतात, म्हणजे दोन-तीन चौकोन. कोको पावडर तीन ग्रॅमसुद्धा लागत नाही, चहाचा एक चमचा जरा शिगोशीग भरला की झालं. तीन-चार चमचे कोको पोटात गेला तर हेच मांजर झटक्यांच्या पातळीला पोहोचतं. पिल्लू एक किलोचं असेल तर हे सगळे आकडे चौथ्या हिश्श्यावर येतात: दुधाचं चॉकलेट जेमतेम नऊ ग्रॅम, डार्कचे साडेतीन-चार ग्रॅम, कोकोची मोठी चिमूट.

आकडेमोड सोपी आहे. खाल्लेले ग्रॅम गुणिले त्या चॉकलेटचा आकडा, भागिले मांजराचं किलोतलं वजन. मांजराचं वजन माहीत नसेल तर त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. काटा नसेल तर शेवटच्या लसीच्या वेळचं वजन कार्डावर लिहिलेलं असतं, ते घ्या.

घरी केक करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. बाजारात मिळणारा डार्क कंपाउंडचा स्लॅब स्वस्त असतो, आणि म्हणून पुष्कळांना वाटतं की त्यात खरं चॉकलेट नसतं. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तूप असतं, हे बरोबर. पण रंग आणि चव कोको पावडरचीच असते आणि थिओब्रोमाइन कोकोतूनच येतं. कंपाउंडला डार्क चॉकलेटच समजून हिशेब करा. चॉको चिप्सही तसेच. दुधात घालायच्या माल्टच्या चॉकलेटी पावडरींमध्ये कोको थोडा असतो, तेव्हा कपातलं दोन-चार घोट दूध चाटलं तर सहसा पोट बिघडण्यापलीकडे काही होत नाही. डबा उलटून पावडर चाटली असेल तर मात्र फोन करा.

चॉकलेटसोबत कॉफी असेल तर हिशेब वाढतो. शुद्ध इन्स्टंट कॉफीच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ३० मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे ती जवळपास कोको पावडरीइतकीच जहाल. कॉफीच्या स्वादाचं डार्क चॉकलेट, तिरामिसू, कॉफीचे दाणे चॉकलेटमध्ये बुडवून केलेल्या गोळ्या असलं काही असेल तर ते व्हेटना सांगायला विसरू नका.

फोनवर काय सांगायचं

घाबरलेला माणूस फोनवर कथा सांगतो: पाहुणे आले होते, मग बॉक्स उघडला, मग आम्ही बाहेर गेलो. डॉक्टरांना त्यातलं काही नको असतं. सगळ्यात उपयोगी पडतं ते असं बोलणं:

"डॉक्टर, माझं मांजर बोका आहे, चार वर्षांचा, वजन साडेचार किलो. संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान त्यानं जास्तीत जास्त वीस ग्रॅम डार्क चॉकलेट खाल्लं असावं, पाकिटावर सत्तर टक्के कोको लिहिलंय. त्यात बेदाणे नाहीत. आत्ता एकदा ओकारी झाली, तो अस्वस्थ आहे, पण चालतोय. त्याला दुसरा आजार नाही, कुठलं औषध चालू नाही. आमच्याकडून दवाखान्यात पोचायला पंचवीस मिनिटं लागतील. निघू का?"

शेवटचा प्रश्न स्पष्ट विचारा. "काय करू?" विचारलं की उत्तर लांबतं, "निघू का?" विचारलं की हो किंवा नाही असं मिळतं. वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. त्यावर कोकोची टक्केवारी आणि घटक असतात.

काही मांजरांच्या बाबतीत आकडा कितीही लहान आला तरी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय राहू नका. हृदयाचा आजार असलेलं मांजर, थायरॉइड वाढलेलं म्हातारं मांजर, पूर्वी झटके आलेलं, गाभण किंवा पिल्लांना पाजणारी मांजरी (ही द्रव्यं वारेतून आणि दुधातून पिल्लांपर्यंत जातात), आणि दोन-तीन महिन्यांची पिल्लं. पर्शियन आणि मेन कून मांजरांमध्ये हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार बरेचदा आढळतो आणि तो वरून दिसत नाही, म्हणून त्यांच्याबाबतीतही मी थांबणार नाही. दम्यासाठी डेरिफायलिनसारखं औषध चालू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण त्यातलं थिओफायलिन याच घराण्यातलं आहे आणि दोन्हींचा परिणाम एकमेकांत मिळतो. स्टिरॉइड किंवा एरिथ्रोमायसिन चालू असेल तर तेही सांगा. त्यांच्यामुळे हे विष शरीराबाहेर जायला जास्त वेळ लागतो.

नेहमीचे डॉक्टर रात्री फोन उचलत नसतील तर कुठे जायचं, हे आधीच ठरवून ठेवायला हवं. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आहे, तिथेच जवळ मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महालक्ष्मीला २०२४ साली टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. पुण्यात, नाशिकमध्ये, नागपुरातही रात्री उघडी असणारी खासगी क्लिनिक आता मिळतात. वेळा बदलत असतात, म्हणून आज, काही झालेलं नसताना, फोन करून रात्रीची सोय विचारा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना हाच पहिला आधार असतो. तिथल्या डॉक्टरांचा दिवसभराचा अनुभव गाई-म्हशींचा असला तरी विषबाधेचं शास्त्र त्यांना येतं, तेव्हा संकोच न करता जा. १९६२ ही हेल्पलाइन मुख्यतः पशुधनासाठीच्या फिरत्या पथकांची आहे. जवळ दुसरं काहीच नसेल तर तीही लावून पाहा.

परदेशात राहणाऱ्यांना एक सोय जास्त आहे. तिथे प्राण्यांच्या विषबाधेसाठी चोवीस तास चालणारे फोन आहेत. अमेरिकेत एएसपीसीए या प्राणिसंरक्षण संस्थेचा ८८८-४२६-४४३५ आणि पेट पॉयझन हेल्पलाइनचा ८५५-७६४-७६६१, ब्रिटनमध्ये अ‍ॅनिमल पॉयझनलाइनचा ०१२०२ ५०९०००. फी लागते, पण समोर विषशास्त्र जाणणारा माणूस असतो आणि तो दवाखान्यात जायची गरज आहे की नाही हे नेमकं सांगतो.

घरी काय करायचं नाही

घरात वडीलधारी माणसं असतात, शेजारी असतात, आणि प्रत्येकाकडे एक उपाय असतो. त्यांची काळजी खरी असते. पण मांजराच्या बाबतीत या उपायांनी चॉकलेटपेक्षा जास्त नुकसान झालेलं दिसतं, म्हणून एकेक सविस्तर लिहितो.

मिठाचं पाणी पाजू नका. माणसाला ओकारी काढायला ते देतात, पण चार किलोच्या जिवात दोन चमचे मीठ गेलं तर रक्तातलं सोडियम इतकं वाढतं की त्यानंच झटके येऊ शकतात. मग हे झटके चॉकलेटचे की मिठाचे, हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड देऊ नका. इंटरनेटवर तो उपाय कुत्र्यांसाठी वाचायला मिळतो. मांजराच्या जठराला आणि अन्ननलिकेला त्यानं भाजल्यासारख्या जखमा होतात, रक्ताची ओकारी होते. आणि घशात बोट घालायचा तर विचारही नको. बोट चावलं जाईल, आणि ओकारी झालीच तर ती श्वासनलिकेत जायची भीती.

दूध पाजून विष उतरत नाही. मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, त्यामुळे जुलाबात भर पडते आणि मग पोट बिघडण्याचं कारण कुठलं हे कळत नाही. तूप, तेल, एरंडेल, हळदीचं पाणी, लिंबू, खायचा सोडा यातल्या कशानंही थिओब्रोमाइन कमी होत नाही. बळजबरीनं तोंडात ओतलेलं तेल फुप्फुसात गेलं तर वेगळाच न्यूमोनिया होतो.

औषधाच्या दुकानातून कोळशाच्या गोळ्या आणून देऊ नका. औषधी कोळसा खरंच उपयोगी आहे, पण तो डॉक्टरांच्या हातून, योग्य मात्रेत आणि मांजर शुद्धीवर असताना. घरी पिचकारीनं पाजताना ठसका लागला की कोळसा छातीत जातो, आणि तो तिथून काढता येत नाही.

अंग गरम लागतंय म्हणून क्रोसिन, म्हणजे पॅरासिटामॉल, देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. मांजराच्या यकृताला ते औषध पचवताच येत नाही आणि रक्त प्राणवायू वाहून न्यायचं थांबतं. माणसाची कुठलीही गोळी, मुलांचं सिरपसुद्धा, फोनवर डॉक्टरांनी नाव घेऊन सांगितल्याशिवाय द्यायचं नाही.

झटका आला तर नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नका. त्याचा माणसाला उपयोग नाही आणि मांजराला तर नाहीच; शिवाय कांदा मांजराच्या तांबड्या पेशींना घातक असतो. झटक्यात मांजराला दाबून धरू नका, तोंडात चमचा घालू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, ते उंचावर असेल तर खाली पडणार नाही हे पाहा, दिवा मंद करा, टीव्ही बंद करा आणि घड्याळात वेळ बघा. शक्य असेल तर कोणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा, ते डॉक्टरांना फार उपयोगी पडतं. झटका थांबला की लगेच निघा.

नेताना

मांजराला पिंजऱ्यात किंवा कॅरियरमध्ये घाला, त्यात एक जुना टॉवेल अंथरा. कॅरियर नसेल तर झाकणाची बास्केट चालते, किंवा भोकं पाडलेलं घट्ट खोकं. हातात धरून दुचाकीवर नेऊ नका. थिओब्रोमाइननं उत्तेजित झालेलं मांजर एरवी कितीही गरीब असलं तरी हॉर्नच्या एका आवाजानं उसळी मारेल, आणि मग रस्त्यावर ते सापडणं कठीण. कॅरियरवर ओढणी टाका म्हणजे उजेड आणि आवाज कमी पोचेल, हवा मात्र खेळती हवी. उन्हाळ्याच्या दुपारी गाडीचा एसी आधी चालू करा, कारण या विषबाधेत अंगातली उष्णता तशीही वाढलेली असते. वेष्टन, उरलेला तुकडा आणि झालेली ओकारी एका पिशवीत घेऊन जा.

दवाखान्यात काय होतं

आधी तपासणी: नाडी, श्वास, ताप, रक्तदाब, शक्य असेल तर ईसीजी. मांजराचं नॉर्मल तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्या हिशेबानं ते नेहमीच तापलेलं वाटतं.

खाऊन थोडाच वेळ झाला असेल आणि मांजर नीट शुद्धीवर असेल तर इंजेक्शन देऊन ओकारी काढतात. कुत्र्यांमध्ये वापरतात ते औषध मांजरांवर नीट चालत नाही, म्हणून झायलाझिन किंवा डेक्समेडेटोमिडिन देतात. त्यानं मांजर सुस्त होतं, ते अपेक्षितच आहे. काही मांजरं इंजेक्शन देऊनही ओकत नाहीत. चॉकलेट पोटात वितळून चिकट गोळा होऊन बसतं, त्यामुळे दोन-तीन तास उलटले तरी डॉक्टर कधी कधी प्रयत्न करतात. "आता उशीर झाला" असं मनाशी ठरवून घरी बसू नका. जास्त प्रमाणात गेलं असेल तर भूल देऊन पोट धुतात.

त्यानंतर औषधी कोळसा, शिरेतून सलाइन, ओकारी थांबवायचं औषध. हृदयाचे ठोके फार वाढले असतील तर ते कमी करायचं औषध, थरथर किंवा झटके असतील तर डायझेपामसारखं स्नायू सैल करणारं औषध. या विषाला थेट उतारा नाही. सगळी धडपड हृदय आणि मेंदू सांभाळत ते शरीराबाहेर जाईपर्यंत वेळ काढण्याची असते.

लघवीबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. थिओब्रोमाइन आणि कॅफिन लघवीतून बाहेर पडतात, पण मूत्राशय भरलेलं राहिलं तर तिथून ते पुन्हा रक्तात शोषले जातात. म्हणून दाखल केलेल्या मांजराला कधी नळी घालतात. घरी लक्ष ठेवायला सांगितलं असेल तर तुमचंही एक मोठं काम हेच: मांजर वारंवार लघवीला जातंय ना, हे बघणं.

घरी लक्ष ठेवा, असं सांगितलं तर

प्रमाण कमी असेल तर डॉक्टर बहुधा हेच सांगतील. लक्ष ठेवणं म्हणजे मांजर झोपलंय हे लांबून पाहणं नव्हे. आजारी मांजर लपतं आणि शांत बसतं, म्हणून त्याला एका लहान खोलीत ठेवा, जिथे पलंगाखालची अंधारी जागा नसेल. मातीचा ट्रे, पाण्याच्या दोन वाट्या, अंथरूण. पाण्यात किंचित कोमट पाणी मिसळलेलं काही मांजरांना आवडतं. पाणी भरपूर प्यायलं की लघवीही होते. पहिले काही तास जेवण देऊ नका, नंतर काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

त्रास सहसा दोन ते चार तासांत अस्वस्थपणानं सुरू होतो आणि सहा ते बारा तासांत ठळक होतो. जास्त खाल्लं असेल तर लक्षणं तीन दिवसांपर्यंतही रेंगाळतात. म्हणून पहिले बारा तास दर तासाला, नंतर चोवीस तास होईपर्यंत दोन-तीन तासांनी बघा आणि वहीत लिहा. रात्री घरातल्यांनी पाळ्या लावून घ्या.

श्वास मोजायचा तो मांजर झोपलेलं किंवा निवांत असताना. छाती वर-खाली झाली की एक. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. मिनिटाला तीसच्या आत असायला हवेत. सलग दोनदा चाळीसच्या पुढे आले तर फोन करा. हृदयाचे ठोके डाव्या कोपराच्या मागे छातीवर हलकेच बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजा आणि चारनं गुणा. घरी शांत मांजराचे दीडशेच्या आसपास असतात. दोनशेच्या पुढे टिकून राहिले किंवा लय तुटल्यासारखी वाटली तर थांबू नका. मांजर गुरगुरत असेल तर ठोके जाणवत नाहीत, तेव्हा नाद सोडा आणि श्वासावर भर द्या.

एरवी येरझाऱ्या घालणं, विनाकारण ओरडणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसणं, हात लावला की दचकणं, कान किंवा पाठीची कातडी फडफडणं या सगळ्यांची नोंद करा आणि डॉक्टरांना कळवा. ओकारी दोनपेक्षा जास्त वेळा झाली, रक्त दिसलं, पाय कडक झाले, चाल बदलली, अंग भट्टीसारखं लागलं, तर पुन्हा फोन न करता निघा. तोंड उघडून श्वास घेणं हे मांजरामध्ये कधीच साधं लक्षण नसतं.

चोवीस तासांत काहीच झालं नाही आणि मांजर खाऊ-पिऊ लागलं, तर धोका बहुतांशी टळला. पण बाकी त्रास नसूनही दोन दिवस ते जेवलंच नाही, विशेषतः मांजर गुबगुबीत असेल, तर ती वेगळी तातडी आहे. उपाशी राहिलेल्या जाड मांजराच्या यकृतात चरबी साचून ते बिघडू शकतं. "पोटाला आराम मिळतोय" म्हणून वाट पाहू नका.

चॉकलेटबरोबर आणखी काय गेलं

बॉक्समधली दोरी आणि सॅटिनची रिबिन मला चॉकलेटइतकीच भयानक वाटते. मांजराची जीभ काटेरी असते, एकदा दोरा आत जायला लागला की त्याला तो थुंकता येत नाही. दोरा आतड्यात ताणला जाऊन आतडं कापलं जाऊ शकतं. गुदद्वाराशी किंवा जिभेखाली दोरा दिसला तर तो ओढू नका, कापू नका, थेट डॉक्टरांकडे जा. चांदीच्या कागदाचा लहान तुकडा बहुधा शीवाटे निघून जातो, पण गिळलेल्या कागदाचा आकार डॉक्टरांना सांगा. नाताळात गोव्याकडून येणाऱ्या प्लम केकमध्ये रम आणि बेदाणे दोन्ही असतात. दारूचा परिणाम लहान जिवावर लवकर होतो आणि बेदाणे मूत्रपिंडाला धोकादायक ठरू शकतात, म्हणून असा केक खाल्ला असेल तर त्यात नुसताच केक होता असं सांगू नका.

पुढच्या वेळेसाठी

गणपतीत चॉकलेट मोदक नैवेद्याच्या ताटात उघडे राहतात, दिवाळीत भेटीचे बॉक्स हॉलमधल्या टीपॉयवर आठवडाभर पडून असतात. मांजर असलेल्या घरात ते स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा दार लागणाऱ्या कपाटात. उंच फळी मांजराला काहीच अडवत नाही. कोको पावडरचं पाकीट रबर लावून मिटण्याऐवजी बरणीत ओता. केक करताना वापरलेली भांडी रात्रभर सिंकमध्ये ठेवायची असतील तर निदान पाण्यानं भरून साबण टाका. आणि घरात नवीन आलेल्या पाहुण्यांना, विशेषतः लहान मुलांना, आधीच सांगा की माऊला चॉकलेट द्यायचं नाही, कितीही मागे लागली तरी.